ओवीची दुसरी ओळ

सॅक्सोफोन वाजवणाऱ्याला क्लॅरिनेट सहज येतो, असं ज्यांना दोन्हींतलं एकही वाजवता येत नाही ती माणसं सांगतात. मला ते आमच्या बँडच्या मालकांनी सांगितलं. दोन्हींच्या तोंडाला तसलीच वेताची पत्ती, दोन्हींना चाव्या, आणि माणसाची बोटं काही वाद्यागणिक बदलत नाहीत. मग अडचण कसली, असं त्यांचं म्हणणं. मालक स्वतः झांजही ताल सोडून वाजवायचे. पण बँड त्यांचा, गणवेश त्यांचे आणि सुपारी घेणारेही तेच, तेव्हा मी मान हलवली.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. मी मूळचा साताऱ्याकडचा, कोरेगावच्या पलीकडच्या एका गावातला. आमच्या एका चुलत्यांनी पलटणीच्या बँडात उभी हयात काढली आणि पेन्शनीवर येताना सॅक्सोफोनची विद्या तेवढी घरी आणली. ती त्यांनी मला दिली. शेतात माझं चित्त लागत नाही हे घरच्यांनी केव्हाच ओळखलं होतं, त्यामुळं सांगलीच्या बँडात जागा मिळाली तेव्हा कुणी अडवलं नाही. पेरणीला तेवढा येत जा, एवढंच वडील म्हणाले.

सॅक्सचा मला भारी गर्व. वरातीत नवरदेवाच्या खालोखाल लोक कुणाकडं बघत असतील तर ते माझ्याकडं, अशी माझी पक्की समजूत होती. सिनेमाचं नवं गाणं आलं की ते मी आठवड्यात बसवायचो आणि वाजवताना कमरेत असा काही वाकायचो की ताशेवाले हसून हसून बेजार व्हायचे. क्लॅरिनेटला मी काळी काठी म्हणायचो, आणि तेही वस्तादांच्या तोंडावर. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होण्याचं वयच होतं ते.

वस्ताद म्हणजे आमचे क्लॅरिनेटवाले. म्हसवडच्या बाजूच्या एका वाडीतले, पन्नाशी ओलांडलेले, अंगानं बारीक. बोलणं कमी, पण बोलले की मान डोलवावी असं. आमच्या बँडात पाठवणीची एक रीत होती आणि ती त्यांच्यामुळंच पडली होती. लेक सासरी निघाली की ढोल, ताशे, ट्रंपेट, माझा सॅक्स, सगळं बंद. एकटा क्लॅरिनेट वाजायचा. वस्ताद पोरीकडं तोंड करून उभे राहायचे आणि मांडवाच्या दारापासून गाडीपर्यंत उलट्या पावलांनी चालत, वाजवत तिला न्यायचे. पोरीच्या डोळ्याला डोळा असायचा. ती थबकली की तेही थबकायचे. त्या वेळेपुरता मीसुद्धा काळ्या काठीची चेष्टा विसरायचो.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला वस्तादांचे वरचे पुढचे दात गेले. काही आपणहून पडले, उरलेले मिरजेच्या एका डॉक्टरांनी काढले आणि कवळी बसवून दिली. कवळी जेवायला चालते, क्लॅरिनेटला चालत नाही. त्याचं टोक वरच्या दातांखाली घट्ट धरावं लागतं, आणि फुंकर घातली की कवळी हलायची, कवळी हलली की सूर हलायचा. तुळशीची लग्नं झाली, हंगाम सुरू झाला आणि मालकांनी वस्तादांच्या हातात खुळखुळे दिले. ज्यानं उभ्या बँडाची चाल धरायची तो माणूस सगळ्यांच्या मागं उभा राहून खुळखुळे हलवू लागला. पाठवणी मी सॅक्सवर भागवायला लागलो. लोक रडायचे, पाठवणीला भोंगा वाजवला तरी रडणारे रडतातच.

मग मालकांनी मला क्लॅरिनेट शिकायला सांगितलं, आणि शिकवायला वस्तादांना. मला वाटलं, चार दिवसांचं काम आहे.

पहिल्या दिवशी सकाळी वस्ताद मला कृष्णेच्या घाटावर घेऊन गेले. वाद्य पेटीतून काढण्याआधी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. त्यांची बायको मुलगी लहान असतानाच गेली होती. मुलगी गावाकडं त्यांच्या भावाच्या घरी वाढली. हे हंगामात सांगलीला, पण जेव्हा जेव्हा गावी जात तेव्हा तिच्या आईची जात्यावरची एक ओवी क्लॅरिनेटवर वाजवून दाखवत, म्हणजे पोर आईचा आवाज विसरू नये. आता तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा जतकडचा, पलटणीत. त्याची रजा उन्हाळ्यात, म्हणून ज्येष्ठातला शेवटचा मुहूर्त धरला होता.

मी म्हणालो, मग सॅक्सवर वाजवतो की, त्यात काय एवढं. वस्तादांनी मान हलवली. सॅक्सचा आवाज बाप्याचा, त्यात तिची आई येत नाही, म्हणाले. आणि मग नदीकडं बघत म्हणाले, “कन्यादानाला मी बसू शकत न्हाई गड्या. जोडा मोडलाय माजा. भाऊ आन् भावजय बसतील. मला पोरीला द्यायला येवढी एक ओवीच हाय, ती बी आता तुज्या तोंडानं द्यायची.”

एवढं ऐकल्यावर माणसानं निमूट शिकावं. पण माझा स्वभाव निमूट नव्हता, आणि क्लॅरिनेटही निमूट नव्हता.

सॅक्सवर डाव्या अंगठ्याशी एक चावी असते. सा वाजवताना ती दाबली की बोटं तशीच ठेवून वरचा सा निघतो. लहान पोरालाही कळावं इतकं सरळ. क्लॅरिनेटवरही अंगठ्याशी तशीच चावी दिसली. मी सा धरला, चावी दाबली आणि वरच्या सा ची वाट बघितली, तर आला वरचा प. पुन्हा दाबली, पुन्हा प. मी वाद्य खाली ठेवून म्हणालो, हे बिघडलंय. वस्ताद कवळी सांभाळत हसले. ते बिघडलं नव्हतं, त्याची जातच तशी होती. खालच्या सुरांची बोटं निराळी, वरच्या सुरांची निराळी. म्हणायला एक वाद्य, शिकायला दोन.

शिवाय सॅक्सच्या भोकांवर गाद्या बसतात, आपण नुसती चावी दाबायची. क्लॅरिनेटला बोटाचं पेर हेच झाकण. केसभर फट राहिली तरी तो चिरकतो. ओठ सॅक्ससारखे सैल सोडले तर सूर लोंबतो, आवळले तर कोंडतो. आणि मधे एक जागा होती, तिला वस्ताद घाट म्हणायचे. खालून चढत गेलं की शेवटी जवळजवळ सगळी बोटं उघडी पडतात, आणि लगेच पुढच्या सुराला सगळीच्या सगळी एकदम झाकायची असतात. ओवीची पहिली ओळ घाटाच्या खाली होती. दुसऱ्या ओळीला त्यांच्या बायकोचा आवाज एकदम वर जायचा, म्हणजे घाटाच्या पार.

तिथं माझा डावा अंगठा आडवा आला. सॅक्सवर अंगठ्याखाली भोक नसतं, तो खुशाल उचलून चावीवर न्यावा. क्लॅरिनेटवर अंगठ्याखालीही भोक असतं. ते झाकूनच ठेवायचं आणि अंगठ्याची कड तेवढी कलती करून चावी दाबायची. ज्यानं कधी सॅक्स धरलाच नाही त्याच्या हातून ही चूक होत नाही. माझ्या हातून दर वेळी व्हायची. दुसरी ओळ आली की अंगठा सवयीनं उचलला जायचा, भोक उघडं पडायचं आणि मान धरलेल्या कोंबडीसारखा आवाज निघायचा. घाटावर कपडे धुणाऱ्या बायका पदर तोंडाला लावायच्या.

मी चिडायचो. वाद्याला शिव्या द्यायचो, पत्तीला नावं ठेवायचो, एकदा तर म्हणालो की तुमची ओवीच वाकडी आहे. नाचता येईना तर अंगण वाकडं, हे वस्ताद तोंडानं कधी म्हणाले नाहीत. ते नुसते माझा अंगठा आपल्या दोन बोटांत धरून भोकावर बसवायचे आणि म्हणायचे, पुन्हा. दिवसा मी क्लॅरिनेट शिकायचो आणि संध्याकाळी वरातीत सॅक्स वाजवायचो. अंगठा पुन्हा जुनं घर धरायचा. दुसऱ्या दिवशी पालथ्या घड्यावर पाणी.

चैत्र सरता सरता मालकांना घाई झाली. शिराळ्याकडच्या एका लग्नात त्यांनी मला पाठवणीला क्लॅरिनेट घेऊन पुढं उभं केलं. वस्ताद नको म्हणत होते, पण खुळखुळेवाल्याचं कोण ऐकतो. मी उलट्या पावलांनी चाललो, खालचे सूर बरे लागले, आणि वर चढताना अंगठा उचलला गेला. असा चिरकलो की बैलांनी माना वर केल्या. नवऱ्याकडच्या म्हाताऱ्या बायकांत एक समजूत होती, पाठवणीला वाजंत्री चिरकली की लेक सासरी ठरत नाही. नवऱ्याची आत्या गाडीला आडवी झाली. पोरीला माघारी मांडवात नेलं, पाटावर बसवलं, पुन्हा ओटी भरली आणि ताशाच्या नुसत्या ठेक्यावर पुन्हा बाहेर काढली. पोरीचा बाप आत्यापुढं हात जोडून उभा होता. मला लाज वाटली ती वाटलीच. पण मागं वळून बघितलं तर वस्ताद माझ्याकडं बघतच नव्हते, त्या हात जोडलेल्या बापाकडं बघत होते.

त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. शिकवणंही थांबवलं नाही. उलट अधिक वेळ देऊ लागले. पण लग्न पंधरवड्यावर आलं तेव्हा त्यांना गावाकडं जावंच लागलं. मांडव, पाण्याचा टँकर, पाहुणे, सगळं भावाच्या एकट्याच्या डोक्यावर होतं. जाताना म्हणाले, फुंकत राहा. दुसरी ओळ तोवर एकदाही नीट लागली नव्हती.

आणि मग जे झालं ते काही माझ्या कर्तृत्वानं झालं नाही. बँडाच्या खोलीत उंदीर झाले होते. त्यांनी माझ्या सॅक्सच्या गाद्या कुरतडल्या. त्या चामड्याच्या असतात आणि उंदरांना त्यांची भारी चव. सॅक्स मिरजेला दुरुस्तीला गेला. सुपाऱ्याही त्या दिवसांत नव्हत्या. हातात उरली काळी काठी. सकाळी घाटावर तीच, संध्याकाळी खोलीत तीच. सॅक्स डोळ्यांआड झाला तसा अंगठा त्याला विसरायला लागला. एका सकाळी मी पहिली ओळ संपवली, विचार न करता दुसरी घेतली, आणि ती वर गेली. अंगठा भोकावरच होता. कडेनं चावी दाबली गेली, सगळी बोटं एकदम बसली आणि सूर वर जाऊन उभा राहिला, कुठं ओरखडा नाही.

मी थांबलो. पुन्हा घेतली, पुन्हा लागली. कपडे धुणारी एक बाई हातातलं धुणं तसंच धरून ऐकत राहिली. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की वस्ताद कशाबद्दल बोलत होते. सॅक्स खाली असो वा वर, एकच माणूस असतो. क्लॅरिनेट खाली असतो तेव्हा बाई मनाशी बोलते आणि वर जाते तेव्हा ती कुणाला तरी हाक मारते. मला रडूच आलं. मग त्या उरलेल्या दिवसांत ती ओळ माझ्या हातून एकदाही चुकली नाही. म्हसवडला कुणी जाणारं असतं तर निरोप धाडला असता. पण म्हटलं, सांगायचं कशाला, थेट ऐकवूच.

लग्न दुपारचं होतं. ज्येष्ठ सरत आला तरी पावसाचा पत्ता नव्हता आणि मांडवात धुळीनं पानांवरच्या भाताचा रंग बदलत होता. कन्यादानाला भाऊ-भावजय बसले. वस्ताद नवा पटका बांधून खांबाला टेकून उभे होते. बापानं आपल्याच लेकीच्या लग्नात एवढं रिकामं उभं राहिलेलं मी दुसरं पाहिलं नाही. जेवणं उरकली, जतच्या वऱ्हाडाचा ट्रक दारापुढं लागला, आणि मी क्लॅरिनेट जोडायला घेतला तेव्हा ते माझ्याजवळ आले.

“दुसरी ओळ वर न्हेऊ नगंस,” ते म्हणाले. “खालच्या खालीच फिरव.”

मी म्हणालो, “वस्ताद, जमतंय आता मला.”

ते हसले, पण डोळे हसत नव्हते. “लग्नादिशी समद्यांनाच जमतंय वाटतं रं. शिराळ्याला बी तुला वाटलंच हुतं की. ह्या जतवाल्यांत दोन म्हाताऱ्या लय कडक हाईत. माजी एकच लेक हाय. ऐक माजं.”

पुढं बोलायला पाहिजे होतं. तिथं बाजूला नेऊन हळूच वाजवून दाखवता आलं असतं, चार माणसांत का होईना, शप्पत घेऊन सांगता आलं असतं. पण तेवढ्यात आत रडण्याचा कल्लोळ उठला आणि पोर दारात आली. वस्तादाच्या शब्दापुढं शब्द टाकायचा नाही, असं आमच्या धंद्यात असतं. आयुष्यभर मी उद्धट म्हणून ओळखला गेलो, आणि जिथं उद्धटपणा उपयोगी पडला असता तिथं नेमका आज्ञाधारक झालो.

मी तिच्याकडं तोंड करून उलट्या पावलांनी चालू लागलो. पहिली ओळ धरली तशी तिनं मान वर केली. ओळखलं तिनं. रडणं थांबवून ती ऐकू लागली. तिच्यामागं तिचा बाप होता. दुसरी ओळ आली आणि मी ती खालीच फिरवली. सूर शुद्ध होते, कुठं चूक नव्हती. पुन्हा पहिली, पुन्हा दुसरी, पुन्हा खालीच. ट्रकपर्यंत पोचलो. केबिनचं दार उघडलं होतं, चुलतीनं तिचा हात धरून पायरीवर चढवायला घेतलं, तर ती चढेना. ती माझ्याकडं बघत उभी होती. मी ओवी पुन्हा सुरुवातीपासून घेतली. अंगठ्याखाली ती चावी होती, नुसती कड कलती करायचा अवकाश. तिच्या तोंडावर वाट बघणं स्पष्ट दिसत होतं. मी वस्तादांकडं बघितलं. त्यांनी हात पालथा करून खाली दाबल्यासारखी खूण केली, खालीच.

मी खालीच राहिलो. नवऱ्याकडची कुणी म्हातारी म्हणाली, चला, उशीर होतोय. चुलतीनं पोरीला जवळजवळ उचलूनच वर घातलं आणि दार लावलं. ट्रक गेला. जतच्या लोकांनी जाताना बँडाची तारीफ केली, पाठवणी फार छान वाजवली म्हणाले.

आमची माणसं ढोल आवरू लागली. वस्ताद लिंबाखाली येऊन माझ्याशेजारी बसले. पटका काढून मांडीवर ठेवला. मग त्यांनी विचारलं.

“एक सांग. खरंच जमत हुतं का रं तुला? वर गेली आसती?”

त्यांचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. त्यांनीही पोरीला थबकलेलं बघितलं होतं. व्हय म्हटलं असतं तर त्यांना कळलं असतं की लेकीला द्यायची एकच गोष्ट तयार होती आणि ती त्यांनी स्वतःच्या हातानं अडवली. मला त्यांची दया आली. मी म्हणालो, “न्हाई वस्ताद. चिरकलोच आसतो. तुमी सांगितलं ते बरं केलंत.”

“बरं झालं मग,” ते म्हणाले. दोनदा म्हणाले. मला वाटलं, त्यांच्या जिवावरचा धोंडा मी उतरवला. त्या दुपारी मी स्वतःवर खूशही होतो.

माझा बेत सोपा होता. आता चातुर्मास, लग्नं बंद. मी पेरणीला गावी जाणार, वस्ताद त्यांच्या वाडीत राहणार. तुळशीची लग्नं झाली की हंगाम सुरू होईल, पहिल्याच पाठवणीला मी दुसरी ओळ वर नेऊन दाखवीन आणि म्हणेन, दसरा-दिवाळीत बसवली. म्हणजे त्यांना दुःखही नाही आणि शिकवल्याचं सुखही मिळेल. क्लॅरिनेट बँडाचा होता, तो खोलीत कुलपात राहिला. मी कोरेगावकडं गेलो, घेवडा पेरला, खुरपला, आणि रानात कुळवाच्या मुठीवर अंगठा कलता करकरून बघत राहिलो. तिकडून म्हसवड काही सातासमुद्रापार नव्हतं. एस.टी.नं जाऊन यायचं म्हटलं तर होण्यासारखं होतं. पण हातात वाद्य नसताना जाऊन काय करायचं, असं मी स्वतःला सांगितलं.

दसऱ्याच्या आधी सांगलीला परतलो तेव्हा मालकांनी सांगितलं की वस्ताद भाद्रपदात गेले. ताप आला, अंगावर काढला आणि गेले. मी कुलूप काढून क्लॅरिनेट बाहेर घेतला, तोंडाला लावला आणि तसाच परत ठेवला. त्या हंगामात मालकांनी इचलकरंजीकडचा एक क्लॅरिनेटवाला आणला. मला त्याबद्दल वाईट वाटलं नाही. मी सॅक्सवर राहिलो.

मार्गशीर्षात म्हसवडच्या यात्रेला आमचा बँड गेला. वस्तादांची लेक माहेरपणाला आली होती. गर्दीतून वाट काढत ती माझ्यापाशी आली, सोबत नवरा होता. तिनं माझी चौकशी केली, मी तिची. सासरी बरं चाललं होतं. बोलता बोलता ती म्हणाली, “आण्णांनी लग्न ठरलं तवाच मला सांगून ठेवलं हुतं, ओवी वर चढली की मगच पाय उचल. म्हंजे आई बघतीया आसं समज. म्हणून मी थांबले हुते तवा. तुमाला वाटलं आसंल, पोरगी आडूनच बसली.”

मी हातातल्या सॅक्सकडं बघत राहिलो. तिला वाटलं मी शरमलोय, म्हणून तिनंच मला समजावलं. “तुमी वाईट वाटून घिऊ नगा भाऊ. आण्णा तुमाला कवाच बोल लावत न्हवते. दुखण्यात बी म्हणायचे, पोरगं गुणी हाय, त्याची काय बी चूक न्हाई. माजंच शिकवणं उणं पडलं. उमर गेली फुंकण्यात आन् एकाला बी देता आलं न्हाई.”

यात्रेत ढोल वाजत होते. मला तिला खरं सांगायचं होतं. सांगितलं असतं तर आण्णांनीच तिची ओवी अडवली हे तिला कळलं असतं, आणि त्यावर मेलेल्या माणसाला उत्तर देता आलं नसतं. मी एवढंच म्हणालो की वस्तादांसारखा शिकवणारा मला पुन्हा भेटला नाही. तिला तो शिष्टाचार वाटला. नवऱ्यानं हाक मारली, ती गेली.

मी ज्या माणसाचं दुःख हलकं करायला गेलो, त्याच्या उभ्या जन्माच्या विद्येवर मी एका शब्दानं बोळा फिरवला. पोरीला ओवी मिळाली नाही एवढंच दुःख त्यांना झालं असतं, तर ते त्यांनी सोसलं असतं. लेकीच्या सुखासाठी केलं म्हणून मनाची समजूतही घातली असती. पण आपलं कुणाच्या हातात उतरलंच नाही, हे घेऊन ते गेले, आणि ते त्यांना मी दिलं. त्यांचं शिकवणं उणं पडलं नव्हतं. दुसरी ओळ मला येत होती. त्या ट्रकपाशी उभा होतो तेव्हाही येत होती.